वाजवून न दाखवणारे मास्तर

शाळेत कुणाचा निरोपसमारंभ असला आणि समोसे-वेफर्स खाऊन झाले, की कुणीतरी हमखास म्हणायचं, "मास्तर, आता एखादं गाणं होऊन जाऊ द्या." मास्तर व्हायोलिन शिकवायचे. ते हातातली बशी खाली ठेवायचे, रुमालानं तोंड पुसायचे आणि विचारायचे, "भूगोलाच्या सरांना म्हणता का कधी, एखादी नदी होऊन जाऊ द्या?"

सगळे हसायचे. मास्तर हसायचे नाहीत, कारण त्यांनी विनोद केलेला नसायचा. ते खरोखरच चिडलेले असायचे आणि पुढचा तासभर तसेच राहायचे. मी त्या शाळेत मराठी शिकवत होते. पहिल्या वर्षी मला या माणसाचा वैताग आला होता. एक साधं गाणं वाजवलं, चार लोक खूश झाले, तर काय आभाळ कोसळतं? आता इतक्या वर्षांनी मला त्यांचा वैताग येत नाही. येतो तो बाकीच्या सगळ्यांचा, आणि तो काही केल्या कमी होत नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मुंबईबाहेर गोखिवऱ्याच्या बाजूला इमारतींवर इमारती उभ्या राहत होत्या आणि इमारतींच्या मागोमाग शाळा निघत होत्या. आमच्या संस्थेचे अध्यक्ष बांधकामाच्या धंद्यातले. मुंबईतल्या कुठल्याशा बड्या शाळेत त्यांनी मुलं ओळीनं व्हायोलिन घेऊन उभी असलेली पाहिली आणि बाकं मागवावीत तशी एका फटक्यात वीस व्हायोलिनं मागवली. ती कितीतरी दिवस प्रयोगशाळेच्या कपाटात धूळ खात होती. मग कुणाला तरी सुचलं की वाद्यं आणली तर ती शिकवणाराही आणावा लागतो. शोधाशोध केल्यावर भुईगावचे मास्तर सापडले.

मास्तर तिथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातले. घरची थोडी वाडी होती, केळी आणि पानवेलीची. लहानपणी चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन शिकले आणि तरुण वयापासून त्याच आवारात गावच्या पोरांना शिकवत आले. घरी बायकोशी बोलायचे ती बोली मला ओ की ठो कळायची नाही, पण शाळेत बोलायचे ते मराठी माझ्यापेक्षा नीटस होतं. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि व्हायोलिनची पेटी बायकोनं जुन्या चादरीतून शिवलेल्या पिशवीत. एसटीनं स्टेशनला उतरायचे, पूल ओलांडून पूर्वेला यायचे आणि तिथून चालत निघायचे. शेअर रिक्षात बसायला साफ नकार. "लोक पेटीवर कोपर टेकवतात," म्हणायचे. "स्वतःच्या पोराच्या डोक्यावर टेकवतील का?"

खिशात कायम नेलकटर. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक मुलाचा डावा हात उलटा करून बघायचे आणि नखं वाढलेली असली तर तिथंच उभं करून कापायचे. एका मुलीनं वाढदिवसासाठी नखं वाढवून रंगवली होती, तीही गेली. तिची आई तणतणत शाळेत आली. मास्तर तिला म्हणाले, "नखंच ठेवायची असतील तर तिला नखांच्या क्लासला घाला." आमच्या मुख्याध्यापिका मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावून समज दिली. दुसऱ्या दिवशी नेलकटर पुन्हा दारात हजर.

पालकसभेत त्यांना ठरलेला प्रश्न यायचा: "सर, तुम्ही बाहेर कुठं कुठं वाजवता?"

"मी वाजवत नाही. मी शिकवतो."

यावर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव यायचे ते मी नीट ओळखते, कारण मराठी शिकवणाऱ्या बाईलाही लोक 'तुमचं काही छापून आलंय का' असं विचारतात आणि नाही म्हटलं की तसंच बघतात. अच्छा, म्हणजे जमलं नाही वाटतं. म्हणजे उरलेला माल. ज्याला दुसरं काही येत नाही तो मास्तर होतो, अशी आपल्या लोकांची पक्की समजूत आहे, आणि वर गुरुपौर्णिमेला त्याच माणसाच्या पाया पडायला हेच लोक पुढे. मास्तरांना तो भाव दिसला की त्यांचे कान लाल व्हायचे. एकदा त्यांनी एका बँकेतल्या गृहस्थांना भर सभेत विचारलं, "सुईण काय स्वतः बाळंत होऊन दाखवते?" बायका पदरात तोंड घालून हसल्या. ते गृहस्थ मात्र पुढच्या सभेला आले नाहीत.

कलाकार म्हटलेलंही त्यांना खपायचं नाही. "कलाकार म्हटलं की हार घालतात, आणि हार घातला की पुढचं काही द्यायला नको," असं त्यांचं म्हणणं. त्यांना शिक्षक म्हणवून घ्यायचं होतं. एवढीच त्यांची हाव होती आणि तेवढीच पुरी होत नव्हती. शाळेनं त्यांना तासावर ठेवलं होतं. हजेरीपटात त्यांचं नाव आम्हा शिक्षकांच्या खाली एक जागा सोडून, कराटेवाले आणि बसमधल्या मावशी यांच्या सोबत. मास्तर रोज सकाळी वरच्या भागात, गणिताच्या सरांच्या खाली सही करायचे. क्लार्क रोज दुपारी ती खोडायचा. हे दोघं एकमेकांशी या विषयावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

सहामाहीला त्यांनी व्हायोलिनच्या वर्गातली निम्मी मुलं नापास केली. मॅडमना घाम फुटला. "अहो सर, संगीतात कुणी नापास होतं का?"

"मग तो विषय कसला?" मास्तर म्हणाले. "इतिहासात होतात ना?"

"इतिहास वेगळा."

"का वेगळा?"

मॅडमनी सगळ्यांना ब श्रेणी देऊन टाकली. मास्तर माझ्या वर्गाबाहेर येऊन उभे राहिले, मी शिकवणं थांबवलं तेव्हा म्हणाले, "बाई, त्यांनी माझं शिकवणं खोडलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं.

पण हा माणूस सरळ होता असं मी मुळीच म्हणणार नाही. उद्धट होता, आणि कधी कधी अन्यायी. एका मुलाच्या वडिलांनी हौसेनं परदेशातून महागडं व्हायोलिन आणलं तर मास्तरांनी त्या पोराशी कितीतरी दिवस धड बोलणं टाकलं, जसा काही गुन्हा पोरानं केला होता. मी त्यांना ते बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुम्ही तुमचं बघा. त्या दिवशी ऐकलं मी. तुम्ही कविता पाठ करून घेता, शिकवत नाही." मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. मग त्यांनी वाडीतली केळी आणून टेबलावर ठेवली. माफी नाही, काही नाही, नुसती केळी. मी ती घेतली आणि त्या वर्षीपासून कविता वेगळी शिकवायला लागले, हेही खरं.

त्यांच्या गावातली एक हकिगत त्यांच्या बायकोनंच मला सांगितली होती. एका रविवारी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना चालू होती. गायनवृंदातल्या एका मुलीच्या व्हायोलिनची तार उतरली होती. फादरांचं प्रवचन रंगात आलेलं. मास्तर बाकावरून उठले, सरळ पुढं गेले, मुलीच्या हातातलं व्हायोलिन घेतलं, खुंटी पिळून तार लावली, तिला परत दिलं आणि जागेवर येऊन बसले. फादर बिचारे मध्येच थांबले होते. नंतर त्यांनी विचारलं, "प्रवचन संपेपर्यंत थांबता आलं नसतं?" तर मास्तर म्हणाले, "फादर, तुमचं चुकलं तर देव सांभाळून घेईल. तिचं मला बघावं लागतं."

दुसऱ्या वर्षी अध्यक्षांनी ठरवलं की या खेपेला स्नेहसंमेलनात व्हायोलिनं दिसलीच पाहिजेत. पाहुणे मोठे येणार होते. अध्यक्षांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "गॅदरिंग दणक्यात करा. झालं की तुमची कायम करण्याची ऑर्डर काढतो. शिक्षक म्हणून." मीच तेव्हा मॅडमच्या केबिनमध्ये उत्तरपत्रिका द्यायला गेले होते. ऐकल्यावर मास्तरांनी शर्टाची कॉलर नीट केली.

पण गाणं बसवायला ते तयार नव्हते. अध्यक्षांना एक गाजलेलं सिनेमाचं गाणं हवं होतं. मास्तर म्हणाले, मुलांना अजून एकच सप्तक येतं, ती सप्तक वाजवतील. आधी तारा बोटानं छेडून, मग गजानं. "लोक घरी मुलगा चालायला लागला की टाळ्या वाजवतात ना? तो नाचत नाही म्हणून कुणी रडतं का?" मॅडमनी मान डोलावली. मॅडम कुणाहीसमोर मान डोलवायच्या, तो त्यांचा स्वभाव होता.

संमेलनाच्या दिवशी हॉलच्या मागच्या खोलीत मुलं पांढऱ्या कपड्यांत रांगेनं उभी होती. मी निवेदनाचे कागद घेऊन तिथंच होते. मास्तरांनी सवयीप्रमाणे एकाचं व्हायोलिन घेतलं आणि त्याच्या तारेवर गज ओढला. आवाजच आला नाही. दुसऱ्याचा गज घेतला, तेच. व्हायोलिनच्या गजाला घोड्याचे केस लावलेले असतात, त्यांना राळ घासलेली असते, म्हणून तार धरली जाते आणि वाजते. मास्तरांनी गज नाकाशी नेला.

"साबण," ते म्हणाले.

कोपऱ्यात झाडू घेऊन उभ्या असलेल्या, चिंचोटीहून येणाऱ्या आमच्या सफाईच्या मावशी म्हणाल्या, "मास्तर, ते गॅदरिंगसाठी आनलेले कीबोर्डवाले सकाळी साबन घासत होते काठ्यांना. पानी लावून लावून. मला वाटलं तुमीच सांगितलं."

तेवढ्यात मॅडम आल्या. मास्तरांनी नुसता गज पुढं केला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अहो सर, कॅसेट लावणार आहोत आपण. अध्यक्षसाहेबांनी सांगितलंय. मुलांचा आवाज मध्ये आला तर बेसूर वाटेल, म्हणून ते साबणाचं. मुंबईत पण करतात हो. मुलांनी फक्त गज हलवायचे. दिसायला सुंदर दिसेल."

मी आयुष्यात पुष्कळ निर्लज्ज वाक्यं ऐकली आहेत. इतक्या गोड आवाजात दुसरं ऐकलेलं नाही. वीस मुलं समोर उभी होती आणि सगळं ऐकत होती. दीड-दोन वर्षं नखं कापून घेऊन, बोटांना घट्टे पाडून घेऊन जे ती शिकली, ते ऐकू येऊ नये म्हणून शाळेनं खास मेहनत घेतली होती. राळ लावायला विसरले असते तर वेगळं. यांनी साबण आणला, पाणी आणलं, एकेक गज हातात घेऊन घासला. मुलांना गप्प करायला किती ते कष्ट.

साबण लागलेला गज असा ऐनवेळी सुधारत नाही. बाहेर निवेदन सुरू झालं होतं. मला वाटलं मास्तर आता ओरडतील, निघून जातील. ते मुलांकडे वळून म्हणाले, "गज इथंच ठेवा. बोटानं वाजवायचं. आधी चढती, मग उतरती. माझ्याकडे बघा."

मुलं गजाशिवाय रंगमंचावर गेली. कॅसेट सुरू झाली आणि शंभरेक व्हायोलिनं एकदम वाजावीत तसं ते सिनेमाचं गाणं हॉलभर दणाणलं. समोर वीस मुलं, एकाच्याही हातात गज नाही, आणि ती शांतपणे तारा छेडत होती. मास्तर पडद्याच्या कडेला, मुलांपासून हातभर अंतरावर. मी त्यांच्या मागं होते. कर्ण्यांची तोंडं प्रेक्षकांकडे होती, त्यामुळे तिथं आत अगदी बारीक आवाजात ते सप्तक ऐकू येत होतं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, आता लोकांना कळेल. कुणीतरी हसेल, कुणीतरी उठून विचारेल, आणि या मंडळींची चांगली नाचक्की होईल.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी भाषणात 'या चिमुकल्या हातांनी साकारलेल्या सुरांचं' कौतुक केलं. अध्यक्ष आत येऊन मास्तरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "एक नंबर. फक्त ॲक्शन जरा कमी पडली. सोमवारी ऑर्डर घेऊन जा."

कुणालाही कळलं नव्हतं. किंवा कळूनही काही वाटलं नव्हतं. यातलं जास्त वाईट कुठलं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मास्तर माझ्या दारात. "बाई, या बाजूच्या मुलांची घरं तुम्हाला ठाऊक आहेत. मला दाखवा."

"कशाला?"

"आईबापांना सांगायचं आहे. तुमच्या मुलानं ते गाणं वाजवलं नाही. त्याला ते येत नाही. त्याला सप्तक येतं, आणि ते तुम्हाला ऐकू दिलं नाही."

मी म्हटलं, "मास्तर, उद्याचा दिवस जाऊ द्या. ऑर्डर हातात पडू द्या, मग काय ते करा."

"कसली ऑर्डर? कॅसेट लावल्याची?"

आम्ही निघालो. पहिल्या घरी मुलाच्या वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा दिला आणि विचारलं, "ती कॅसेट कुठं मिळेल हो? मस्त होती." दुसऱ्या घरी दारातच बोलणी खावी लागली. एवढ्या लांबून, रविवार मोडून तुम्ही हे सांगायला आलात, आमचा आनंद बघवत नाही का तुम्हाला. मास्तर झपाझप जिना उतरले. भर उन्हात त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

तिसरं घर मनालीचं. सातवीतली मुलगी. तिच्या आईनं ऐकलं आणि हसून म्हणाली, "सर, आम्हाला दिसलं ना. हातात त्या काठ्याच नव्हत्या. इतपत आम्हाला पण कळतं. पण असू दे हो, काय गोड दिसत होते सगळे! आम्ही फोटो काढलेत."

मास्तर तसेच बसून राहिले. त्यांचा राग कुणावर तरी निघायला हवा होता आणि समोर रागवण्यासारखं कुणी नव्हतं. ही बाई चांगली होती. तिनं लाडू आणले होते. मी त्यांना नजरेनं म्हटलं, चला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मनाली आली आणि दाराशीच उभी राहून, खाली मान घालून म्हणाली, "सर, काल माझा ग लागला नाही ना?"

मास्तरांनी मान वर केली. "नाहीच लागला," ते म्हणाले. "चढताना बरा होता, उतरताना पडला. का पडला?"

"दुसरं बोट..."

"दुसरं बोट पहिल्याला चिकटवतेस तू. कितीदा सांगितलंय, ते तिसऱ्याच्या शेजारी पाहिजे. व्हायोलिन आण."

तिनं व्हायोलिन आणलं. पुढचा अर्धा तास त्या बैठकीच्या खोलीत मास्तरांनी तिला ग शिकवला. लाडू तसेच. तिचं बोट पुन्हा पुन्हा घसरत होतं आणि मास्तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात रागावत होते. "लोक काय म्हणतात त्याच्याशी तुला काय करायचंय? तुझा कान कुठं गेला होता?" मनाली रडायला लागली. रडत रडत वाजवत राहिली. शेवटी ग लागला. मास्तर म्हणाले, "हं," आणि उठले. तिच्या आईचा चेहरा एव्हाना पार बदलला होता.

परतताना ते माझ्यापुढं भराभर चालत होते. मध्येच थांबून म्हणाले, "बाई, एवढ्या गोंगाटात तिला स्वतःची चूक ऐकू आली. बघितलंत ना?" मी त्यांना इतकं खूश त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी मॅडमनी त्यांना बोलावलं, आणि आदल्या दिवशी मुलांच्या घरी मी सोबत होते म्हणून मलाही. टेबलावर ऑर्डर टाइप करून तयार होती, त्यावर 'शिक्षक' हा शब्द मला उभ्या जागेवरून दिसत होता. पण मनालीच्या आईचा सकाळीच फोन आला होता. कॅसेटबद्दल कुणाची तक्रार नव्हती. त्या पहिल्या-दुसऱ्या घरांचीही नव्हती. तक्रार होती ती सर घरी येऊन मुलीला विनाकारण रडवून गेले याची.

"ज्या मुलीनं स्टेजवर एवढं सुंदर वाजवलं, तिच्या घरी जाऊन तिची चूक काढायची?" मॅडम म्हणाल्या. "सर, मी मिटवते सगळं. तुम्ही त्या आईंना एक फोन करा. माफी नका मागू हवं तर. फक्त म्हणा, मनालीनं छानच वाजवलं होतं, माझा गैरसमज झाला. मी आत्ता तुमच्यासमोर सही करते." त्यांनी पेन उघडलं आणि फोन मास्तरांकडे सरकवला.

मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, मास्तर. एक वाक्य आहे. खोटं तर खोटं, इथं कोण खरं बोलतंय?

मास्तरांनी ऑर्डरकडे पाहिलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"मॅडम," ते म्हणाले, "तिचा ग चुकला होता."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.